पहिल्या उड्डाणाचा मान

बिदरमध्ये शिकवणाऱ्या माणसाला एक सवय लागते. बोलता बोलता वाक्याच्या मध्येच थांबायचं, छताकडे बघायचं, आणि आवाज ओसरला की सोडलेल्या शब्दापासून पुढे सुरू करायचं. शहराला लागूनच हवाई दलाचा तळ आहे. तिथे नवशिके वैमानिक वर शिकत असतात आणि खाली आम्ही शिकवत असतो. ‘वनस्पतींच्या पानांतील हरितद्रव्य’ एवढं म्हणून मी थांबायचो, आणि विमान शहराबाहेरच्या कोळारच्या कारखान्यांकडे वळलं की ‘सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने’ म्हणून पुढे निघायचो. माझ्या हाताखालून गेलेल्या कित्येकांना आजही हरितद्रव्य आणि सूर्यप्रकाश यांच्यामध्ये एक विमान लागतं असंच वाटत असणार.

शाळेत विज्ञानाखेरीज माझ्याकडे आणखी एक काम होतं. सूत्रसंचालन. आवाज बरा होता, आणि कोणाच्या नावाआधी ‘आदरणीय’ लावायचं नि कोणाच्या आधी ‘सन्माननीय’, एवढी अक्कल होती. त्यामुळे शाळेतली कुठलीही गोष्ट पहिल्यांदा होणार असली की माझ्या हातात माइक यायचा. पिण्याच्या पाण्याच्या नळाचं उद्घाटन झालं तेव्हा पाहुण्यांनी नळ सोडला, पाणी आलं नाही, टाळ्या मात्र वेळेवर आल्या. पाणी दुसऱ्या दिवशी शिपायाने सोडलं. त्याला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि मीही त्याची ओळख करून दिली नाही, कारण तो कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. आयुष्यभर मी असा दुसऱ्यांच्या शुभहस्तांची ओळख करून देत आलो. माझ्या निवृत्तीच्या निरोप समारंभाचं सूत्रसंचालनही मीच केलं, कारण दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. सत्कारमूर्तींचा परिचय करून देताना मी जरा हात आखडता घेतला.

निवृत्तीनंतर पहिल्या पावसाळ्यात मी विमान घेतलं. बॅटरीवर चालणारं, रिमोटने उडवायचं, शिकाऊ माणसासाठी बनवलेलं. पंख हातभराहून थोडे लांब, अंग फोमचं, नाकाला प्लास्टिकचा पंखा. खोक्यावर एक हसरा गोरा माणूस आणि त्याच्याहून हसरं कुटुंब होतं. मला त्यांच्यासारखं हसायचं नव्हतं. मला एवढंच हवं होतं की एक गोष्ट पहिल्यांदा माझ्या हातून व्हावी. फीत नको, पाहुणे नकोत, दोन शब्द नकोत. मी, विमान आणि मोकळं आभाळ.

बायकोने खोकं उघडताना बघितलं.

“इतकी वर्षं वरची विमानं कान खायलीत, ते कमी पडलं म्हणून घरात एक आणलाव व्हय?”

“ह्याचा आवाज होत नाही फारसा.”

“मग कामून आणलाव?”



पावसाळाभर मी संगणकावर सराव केला. विमान उडवण्याचा एक खेळ मिळतो, त्यात खरं विमान न मोडता हवं तेवढं मोडता येतं. मी हवं तेवढं मोडलं. त्यातून दोन गोष्टी शिकलो. विमान आपल्यापासून लांब जात असतं तेव्हा डावं ते डावं असतं. ते आपल्याकडे यायला लागलं की डाव्याचं उजवं होतं, आणि हे ज्याच्या लक्षात राहत नाही त्याचं विमान जमिनीत जातं. दुसरी गोष्ट माहितीपुस्तिकेतच ठळक छापली होती. काही सुचेनासं झालं तर दांड्यांवरून बोटं काढून घ्या, विमान आपलं आपण सरळ होईल. आत तशी सोय केलेली असते. हे वाक्य मला फार आवडलं. मी ज्या ज्या समित्यांवर काम केलं त्या सगळ्यांच्या भिंतीवर ते टांगायला हवं होतं.

आता उडवायचं कुठे? बिदर शहरात आणि तळाच्या आसपास असलं काही उडवायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. ज्यांना देशाने विमानं दिली आहेत त्यांच्या वाटेत मी माझं फोमचं घेऊन जावं, हे मलाही पटत नव्हतं. म्हणून मला अप्पा आठवले. अप्पा म्हणजे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील, भालकीच्या पलीकडे त्यांची शेती आहे. घरात कन्नड बोलतात, आमच्याशी आदराचं कन्नड ‘री’ जोडून मराठी, आणि रागावले की दखनी. उसाच्या फडाला लागून त्यांचा लाल मातीचा माळ पडीक आहे. तिथे गवताशिवाय काही उगवत नाही आणि विजेची तार जात नाही. विमानाला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

“या की री मास्तर,” अप्पा फोनवर म्हणाले. “माळ मोकळाच हाय. काय उडवायचं ते उडवा.”

हिवाळ्यात आमच्याकडे सकाळी वारा निजलेला असतो. ऊन चढलं की उठतो आणि मग संध्याकाळपर्यंत बसत नाही. म्हणून मी एका रविवारी उजाडताना निघायचं ठरवलं, एकट्याने. हे फक्त बायकोला माहीत होतं. बायको रोज संध्याकाळी कलबुर्गीला आपल्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आक्कांना, फोन करते. त्यामुळे हे फक्त बायकोला, आक्कांना आणि आक्कांच्या यजमानांना माहीत होतं.

आक्कांचे यजमान, म्हणजे माझे साडू, कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. नोकरीत त्यांनी बांधलेल्या पुलांविषयी मी काही बोलत नाही. कोनशिला मात्र भक्कम आहेत. माणूस मनाने चांगला. पण कुठलीही गोष्ट नुसती घडली तर ती घडली असं ते मानत नाहीत. नातवाला दात आला तेव्हाही त्यांनी चार लोक बोलावले होते. त्यांचा फोन आला.

“सर, ऐकलं ते खरं का? विमान घेतलंत म्हणे.”

“छोटं आहे. फोमचं.”

“छोटं असो, मोठं असो. आन् एकटेच जायलाव म्हणे उडवायला, चोरावानी?”

“चोरासारखं काय त्यात? मोकळ्या माळावर…”

“विमान घरात आलं. आपल्या दोन्ही घरांत आजवर कुणाचं आलंय का? असं उडवायचं नसतं सर. तुम्हाला कार्यक्रमाचं मी सांगावं? जिंदगी गेली तुमची माइकवर.”

माझी जिंदगी माइकवर गेली म्हणूनच, असं मी म्हणणार होतो. पण ते तोवर फ्लेक्सवर पोचले होते. फ्लेक्सवर त्यांचा फोटो, माझा फोटो, मध्ये विमान. मी नको म्हणालो. त्यांना वाईट वाटलं. फ्लेक्स रद्द करण्याच्या बदल्यात मी त्यांचं, आक्कांचं आणि त्यांच्या जावयाचं येणं कबूल केलं. आयुष्यात मी पुष्कळ वाटाघाटी बघितल्या आहेत, पण इतकी वाईट फार थोड्या.

ते शनिवारी रात्री मुक्कामालाच आले. रविवारी उजाडताना मी विमान गाडीत ठेवून दारात उभा होतो. साडूंची आंघोळ व्हायची होती. मग त्यांच्या सफारीची इस्त्री निघाली. माळावर जायला सफारी कशाला, असं त्यांच्या जावयाने हळूच विचारलं. हा जावई कलबुर्गीत दातांचा डॉक्टर आहे, शांत मुलगा. सासऱ्यांना प्रश्न विचारतो, पण उत्तराची अपेक्षा ठेवत नाही. आक्का इरकल नेसल्या. भालकीत साडूंना एक जुने ठेकेदार भेटले, तिथे चहा झाला. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांच्या मागून आम्ही गोगलगाईसारखे सरकत राहिलो. माळावर पोचलो तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं, आणि फडातल्या उसाचे तुरे एकमेकांना काही सांगत असल्यासारखे हलत होते. वारा उठला होता.

अप्पांनी सतरंजी अंथरली होती. दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एका ताटात नारळ, लिंबू, हळद-कुंकू आणि झेंडूचा हार.

इथे सांगायला हवं की आमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात नारळ फक्त चटणीसाठी फुटतो. साडूंच्या घरीही तसंच. पण खरं सांगायचं तर आमच्याकडून नारळ सुटला, अध्यक्षीय भाषण सुटलं नाही. अप्पांनी नारळ पुढे केला तेव्हा मी आणि साडूंनी एकमेकांकडे बघितलं. अप्पांची जमीन, अप्पांचा भाव. “तुमच्या हातानं होऊ द्या अप्पा,” साडू म्हणाले. अप्पांनी नारळ फोडला. झेंडूचा हार ते विमानाच्या नाकात घालायला निघाले, तेव्हा मी म्हणालो की एवढ्या वजनाने ते उठणार नाही. मग तो हार साडूंच्या गळ्यात गेला. त्यांच्या उठण्याची कुणाला घाई नव्हती.

राहिलं लिंबू. आमच्या भागात नवी गाडी आली की चाकाखाली लिंबू ठेवतात आणि गाडी त्यावरून नेऊन ते चिरडतात. सायकल असो की ट्रक, यातून कुणी सुटत नाही.

“अप्पा, हे फार हलकं आहे,” मी म्हणालो. “चिरडायचं नाही ह्याच्याने.”

“मास्तर, लिंबू चिरडल्याबिगर आम्ही गाडी गल्लीतनं काढत न्हाई. हे तर आभाळात जायलंय.”

आणि अप्पांनी विमान लिंबावर टेकवून वरून तळहाताने दाबलं, वासराला खाली बसवतात तसं. तारेचा पाय वाकला, चाक लिंबावरून घसरलं, विमान मागच्या मागे बसलं आणि शेपटीचा उभा पंख दगडाला लागून डावीकडे मुडपला. लिंबाला काही झालं नाही. अप्पांनी ते टाचेने चिरडलं आणि विधी पूर्ण झाला.

मी वाकडे झालेले पाय काढून टाकले. तसंही हाताने फेकून उडवता येतं. शेपूट बोटांनी सरळ करून बघितलं, पण फोमला एकदा वळण लागलं की ते माणसाच्या स्वभावासारखं होतं. जरासं डावीकडे राहिलंच.

यानंतर साडू दोन शब्द बोलले. मानवाने पक्ष्यांकडे पाहून विमानाची कल्पना केली, इथपासून सुरुवात होती. मी बॅटरी जोडून ठेवली होती, ती काढून पुन्हा जोडावी का, या विचारात मला मधलं फारसं ऐकू आलं नाही. शेवट बिदर जिल्ह्याच्या विकासावर झाला. आक्का मोबाइलवर चित्रण करत होत्या. जावई घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता. बायको सतरंजीवर बसून अप्पांच्या सुनेला हुरडा भाजायच्या खड्ड्यात गोवऱ्या रचताना बघत होती. कार्यक्रमात खरी कामाची गोष्ट कुठली चालली आहे हे तिला नेहमी आधी कळतं.

भाषण संपलं. मी पुढे झालो.

“आता मी जरा उडवून बघतो.”

साडूंनी मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“सर, तुम्ही यजमान. यजमान कधी पहिल्या पंगतीला बसतो का?”

ते खरं होतं. माझ्या मुलीच्या लग्नात मी सगळ्यांच्या शेवटी जेवलो होतो, आणि तोवर भात आणि एक लोणच्याची फोड उरली होती. वस्तू ज्याची असेल त्याने ती सगळ्यांत शेवटी चाखायची, ही आमच्याकडची रीत मी लहानपणापासून पाळत आणि इतरांना शिकवत आलो होतो. ती विमानालाही लागू होते हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. रिमोट माझ्या हातातून आदराने काढून घेण्यात आला.

आता मान कुणाचा?

“अप्पांचा,” साडू म्हणाले. “वयानं मोठे, जमीन त्यांची.”

“छे छे री,” अप्पा म्हणाले. “आमचं काय, आमी नांगरवाले. मान जावईबापूंचा. जावई असताना दुसऱ्यानं कशाला हात लावावं.”

“मामांसमोर मी?” जावई सासऱ्यांकडे बघत दोन पावलं मागे सरकला. “मामाच उडवतील.”

“न्हाई न्हाई, अप्पाच.”

“जावईबापू.”

“मामा.”

हैदराबादचं राज्य जाऊन कैक वर्षं झाली, पण ‘पहले आप’ काही आमच्या भागातून गेलं नाही. रिमोट एका हातातून दुसऱ्या हातात असा फिरत होता की जणू तो गरम आहे. प्रत्येक जण नको म्हणत होता आणि प्रत्येकाच्या मनात होतं की आपल्यालाच आग्रह व्हावा. माझ्याकडे मात्र कुणी बघत नव्हतं. मी यजमान होतो.

शेवटी साडूंनी पुरेसा नकार देऊन झाल्यावर मान स्वीकारला. फेकण्याचं काम जावयाकडे आलं. मी साडूंना सांगायला गेलो की डावी दांडी वेगाची, उजवी वळणाची.

“सर, पूल बांधलेत मी.”

जावयाने विमान फेकलं, आणि हे मान्य करायला हवं की त्याने ते चांगलं फेकलं. साडूंनी डावी दांडी पूर्ण वर नेली. विमान करकरत वर चढलं, उसाच्या वर गेलं, आणखी वर गेलं, आणि साडूंचा चेहरा उतरत गेला. त्यांनी उजवी दांडी एका बाजूला ओढली, विमानाने एक खांदा पाडला. दुसऱ्या बाजूला ओढली, त्याने दुसरा पाडला.

“बोटं काढा,” मी म्हणालो. “वेग निम्मा करा आणि बोटं काढून घ्या.”

त्यांनी पहिल्यांदाच माझं ऐकलं. विमान सरळ झालं. शेपूट मुडपलेलं असल्याने ते हळूहळू डावीकडे वळायला लागलं आणि आमच्या डोक्यावर मोठं, सावकाश रिंगण घेऊ लागलं. फार सुंदर दिसत होतं.

“बघा, किती शिस्तीत फिरवायलेत,” आक्का मोबाइल वर धरून म्हणाल्या.

साडूंनी शिस्तीत फिरवणाऱ्याचा चेहरा केला. पण त्यांच्या कपाळावर घाम होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातात अशी गोष्ट आली होती जिचं पुढे काय करायचं हे खालच्या कुणा कनिष्ठाला विचारता येत नव्हतं. त्यांनी त्यातून जी वाट काढली ती फक्त आमच्याकडचाच माणूस काढू शकतो. ते रिमोट घेऊन अप्पांपुढे गेले आणि जरा वाकून म्हणाले, “अप्पा, आता तुमचा मान.”

“आमचं कशाला, री. तुमीच चालवा, छान जायलंय.”

“असं कसं. तुमच्या जमिनीवर उडायलंय.”

अप्पांना नाही म्हणवेना. त्यांनी रिमोट दोन्ही हातांत घेतला, प्रसादासारखा, आणि एकाही दांडीला हात न लावता तो कपाळाला टेकवून जावयाकडे दिला. “जावईबापू, तुमीबी.” जावयाने तो अत्यंत जपून, कडांनाच धरून घेतला, जणू त्याच्या दवाखान्यातलं कुणाचा तरी सैल झालेला दात आहे, आणि सासऱ्यांना परत देऊ केला. सासरे म्हणाले, “सासूबाईंना द्या, घरच्या बाईमाणसाचाही मान असतो.” आक्का म्हणाल्या, “मी चित्र काढायलेय.”

आणि हे सगळं चालू असताना वर विमान एकटंच, कुणाच्याही बोटाचा स्पर्श नसताना, रिंगण घेत होतं. त्या दिवसातलं सगळ्यांत उत्तम उड्डाण तेच. मात्र वाऱ्याबरोबर प्रत्येक रिंगण थोडं फडाकडे सरकत होतं. मी सतत ‘मला द्या’ म्हणत होतो, आणि मला प्रत्येक जण ‘थांबा हो सर’ म्हणत होता.

मग वरचा आवाज बदलला. बॅटरी संपत आली की मोटार थांबत-थांबत चालते, आपल्याला कळावं म्हणून. साडूंनी वर बघितलं, रिमोटकडे बघितलं, आणि मग त्यांना अचानक माझी आठवण झाली.

“सर, घ्या. वस्तू तुमची. तुम्ही बी हात लावा की.”

रिमोट माझ्या हातात आला तेव्हा विमान फडाच्या पलीकडच्या बाजूला होतं, खाली येत होतं आणि माझ्याकडे तोंड करून होतं. डाव्याचं उजवं केलं. ते माळाच्या रेषेत आलं, आणि मोटार बंद पडली. मी नाक थोडं वर धरून ते ओढत आणलं. माळ अगदी समोर होता. पण तेवढ्यात उसाचे तुरे लागले, आणि विमान त्यांच्यात बगळ्यासारखं उतरून बसलं, फडाच्या पहिल्याच ओळीवर.

मग साडूंनी सुस्कारा टाकला.

“आम्ही इतका वेळ नीट चालवत होतो,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, हळहळ होती. “असो. शिकाल हळूहळू.”

“नवीन हाय, मास्तर,” अप्पा म्हणाले. “पहिल्यांदी बैलबी वळत न्हाई.”

जावयाने उसात शिरून विमान आणून दिलं. त्याला काही झालं नव्हतं, पंखावर हिरवे ओरखडे तेवढे आले होते. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं समजलं होतं असं मला वाटतं, पण त्याला पुढेही त्याच सासऱ्यांबरोबर दिवस काढायचे होते.

आक्कांनी चित्रण लगेच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. त्यात हार घातलेले साडू रिमोट धरून उभे आहेत आणि आभाळात एक ठिपका आहे. मी त्यात नाही. माझा एक कोपर आहे. खाली ‘यांच्या हस्ते विमानाचं पहिलं उड्डाण’ असं लिहिलं होतं. उदगीर, लातूर, पुणे सगळीकडून अभिनंदन यायला लागलं. साडू एकेकाचं मोठ्याने वाचत हुरड्याकडे निघाले. कोवळी ज्वारी भाजल्याचा वास सुटला होता, आणि त्या वासापुढे विमानाची काय कथा. सगळे गेले.

“तुम्ही येत नाही का?” बायकोने वळून विचारलं.

“तुम्ही बसा पुढे. मी आवरून येतो.”

कुणी आग्रह केला नाही. यजमानाने शेवटीच बसायचं असतं.

माझ्याकडे दुसरी बॅटरी होती. वारा आता चांगलाच होता, आणि पुस्तिकेप्रमाणे अशा वाऱ्यात नवशिक्याने विमान खोक्यातून बाहेरही काढू नये. मी शेपटीला दुसऱ्या बाजूने थोडा बाक दिला, वाऱ्याकडे तोंड केलं, डाव्या हातात रिमोट धरला आणि उजव्याने विमान फेकलं.

विमान हातातून सुटलं, जरा खाली गेलं, आणि मग वाऱ्याने त्याला खालून हात दिल्यासारखं ते वर उठलं. मी ते फडापासून लांब नेलं. पहिलं वळण मी उलटं दिलं, त्याने पंख पाडला, मी बोटं काढली, ते सावरलं. दुसरं वळण बरोबर आलं. तिसऱ्याला मला जाणवलं की मी श्वास घेत आहे. वाऱ्याविरुद्ध ते जवळजवळ जागच्या जागी थांबायचं आणि वाऱ्याबरोबर झपकन निघून जायचं, आणि या दोन्हींमध्ये माझी दोन बोटं होती, बाकी कुणाचीही नव्हती. बिदरच्या आभाळात रोज जी पोरं हे करायला शिकतात त्यांच्याविषयी वर्गात थांबून थांबून मला जे वाटलं नव्हतं, ते तिथे वाटलं. काय वाटलं ते लिहायचं म्हटलं तर भाषण होईल.

मोटारीचा आवाज बदलायच्या आतच मी ते उतरवायला घेतलं. वाऱ्याकडे नाक, वेग कमी, आणखी कमी, बंद. ते गवताला टेकलं, घसरलं आणि माझ्या पायांपासून थोड्या अंतरावर थांबलं.

मी वळून बघितलं. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या. धुरामागे साडू हातवारे करून काहीतरी सांगत होते. हात पंखासारखे होते. मला जे हवं होतं ते तंतोतंत तसंच झालं होतं. पाहुणे नाहीत, दोन शब्द नाहीत, फीत नाही. कुणा एकाने तरी बघायला हवं होतं, असं वाटत होतं, आणि तसं वाटल्याचा मला जरा रागही येत होता.

विमान काखेत घेऊन मी हुरड्याकडे गेलो.

“मी उडवलं,” मी म्हणालो. “उतरवलंही. नीट उतरलं.”

साडू त्यांच्या रिंगणाच्या गोष्टीच्या मध्यावर होते. ते थांबले नाहीत. मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने. माइकशिवाय इतक्या मोठ्याने बोलायची मला सवय नाही. मग अप्पांनी विमान माझ्याकडून घेतलं, उलटंपालटं करून बघितलं आणि परत दिलं.

“कधी उडवलाव, मास्तर?”

“आत्ता. तुमच्या माळावर.”

“मग मोडलं कसं न्हाई?”

यावर सगळे हसले, साडू सगळ्यांत मनमोकळे. अखंड विमान म्हणजे न उडवलेलं विमान, याच्याविरुद्ध माझ्याकडे कुठलाही पुरावा नव्हता, आणि दुसरी बॅटरीही संपली होती.

बायको सतरंजीवर सरकली आणि तिने जागा केली. पत्रावळीत हुरडा होता, शेंगाची चटणी होती, गुळाचा खडा होता. मी हुरड्याची मूठ भरली आणि तोंडापर्यंत नेताना निम्मे दाणे सतरंजीवर सांडले.

ती माझ्या हातांकडे बघत होती.

“सांडू द्या,” ती हळूच म्हणाली. “हात अजून थरथरायलेत. जरा थांबून खावा.”